न रडणारा आवाज : गार्मार्नाच्या गाण्यांपर्यंत पोहोचताना

‘गार्मार्ना’ या स्वीडिश बँडची गाणी ऐकू लागल्यावर मला सर्वांत आधी जाणवली ती एक उणीव : गायिका कोठेही रडत नाही. स्वीडिश भाषा तेव्हा मला पुरती कळत नव्हती, तरी गाण्यात काहीतरी भयंकर घडते आहे हे मागच्या वाद्यांवरून समजत होते. आवाज मात्र सरळ, कोरडा, जवळपास निर्विकार होता. भावगीते ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला दुःखाच्या गाण्यात आवाजाचा कंप, शब्दावर रेंगाळणे, ओळीच्या शेवटी सोडलेला उसासा यांची सवय होती. येथे त्यांपैकी काहीच नव्हते आणि तरीही गाणे संपल्यावर जीव जड होत होता. हे कशाने होते याचा शोध घेण्यात स्टॉकहोममधला माझा एक हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा गेला.

डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला दुपारी तीन वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. कार्यालयातून निघताना बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख असतो आणि माणसे गाडीत कानांत हेडफोन घालून गप्प बसलेली असतात. मूळच्या सुन्डस्वालच्या असलेल्या एका सहकारी बाईंना मी एकदा सहज विचारले, की तुमच्याकडची जुनी गाणी ऐकायची असतील तर कोठून सुरुवात करावी. त्यांनी आपल्या गावच्या बँडचे नाव सांगितले आणि वर एक अट घातली : आधी नुसते ऐका, शब्द नंतर वाचा.

सुन्डस्वाल हे स्टॉकहोमच्या उत्तरेला, बॉथ्नियाच्या आखातावर वसलेले शहर आहे. लाकडाच्या व्यापारावर ते मोठे झाले, 1888 च्या जूनमध्ये लागलेल्या आगीत जवळपास सारे जळाले आणि त्यानंतर त्याचा मध्यभाग दगडाविटांत नव्याने उभारला गेला. या शहरात 1990 मध्ये गोत्ते रिंगक्विस्त, स्तेफान ब्रिसलांड-फेर्नेर आणि रिकार्ड वेस्टमान या तीन तरुणांनी ‘हॅम्लेट’चा एक प्रयोग पाहिला. त्या प्रयोगात जुने स्वीडिश संगीत वापरले होते, आणि त्याच्याच ओढीने या तिघांनी बँड काढला. नॉर्स पुराणांत मृत्युलोकाच्या दारावर राखण करणारा गार्म नावाचा कुत्रा आहे. बँडचे नाव त्याच्यावरून आले. 1992 मध्ये येन्स होग्लिन ड्रम्स वाजवण्यासाठी आला, 1993 मध्ये एम्मा हेर्देलिन ही गायिका आली आणि मग ‘वित्रड’ (1994) व ‘गुड्स स्पेलेमेन’ (1996) हे दोन अल्बम निघाले. बँडचे खरे कर्तृत्व मला आजही या दोनांतच दिसते.

सहकारी बाईंची अट मी पाळली. शब्दांकडे लक्ष नसल्यामुळे पहिले काही आठवडे कान फक्त नादाकडे लागला आणि त्यात मला अनपेक्षितपणे ओळखीचे पुष्कळ सापडले. या गाण्यांत स्वरसंवादांची, म्हणजे कॉर्ड्सची, साखळी फारशी पुढे सरकत नाही. एक आधारस्वर अखंड धरलेला असतो आणि चाल त्याच्या अंगाखांद्यावर फिरते. तानपुऱ्याच्या सवयीच्या माणसाला याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. मोरचंगाच्या जातीचे एक लोखंडी वाद्य दातांशी धरून वाजवलेले मधूनच ऐकू येते, तेही आपल्याकडे राजस्थानी लोकसंगीतात ऐकलेले असते. व्हायोलिनवर काही ठिकाणी गांधार ना धड कोमल लागतो ना शुद्ध, दोहोंच्या मधोमध कोठेतरी थांबतो. जुन्या स्वीडिश वादकांचे हे वैशिष्ट्यच आहे. पियानोच्या पट्ट्यांना सरावलेल्या श्रोत्याला तो स्वर बेसूर वाटू शकतो, मला तो पहिल्यापासून गोड लागला. या सगळ्याच्या खाली इलेक्ट्रिक गिटारचा खरखरीत, जाड थर असतो. गिटार येथे एकट्याने मिरवत नाही, ती आधारस्वरालाच वजन देते. लोकसंगीताला रॉकची फोडणी देणारे बँड जगभर आहेत आणि त्यांतले बरेचसे दोन्हींकडचे फक्त वरवरचे घेतात. गार्मार्नाने गिटारला जुन्या वाद्यांच्या शिस्तीत बसवले, हे मला त्यांचे सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

शब्द मी वाचायला घेतले ते ‘हेर मानेलिग’ या गाण्यापासून. हे कथागीत स्योदेरमानलांड प्रांतातले असून 1877 मध्ये ते प्रथम छापले गेले. पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी आणि पाखरे बोलण्यापूर्वी, डोंगरातली एक राक्षसीण एका देखण्या तरुण सरदाराला मागणी घालते. खोगीर कधी पाठीवर न पडलेले बारा घोडे ती देऊ करते. मग लालभडक तांब्याची जाती आणि चांदीने मढवलेली चाके असलेल्या बारा गिरण्या, पंधरा सोन्याच्या कड्यांच्या किणकिणाटाची सोनेरी तलवार आणि शेवटी सुईदोरा न लावता पांढऱ्या रेशमाचा केलेला सदरा. प्रत्येक कडव्यानंतर ती त्याला तोच प्रश्न विचारते, की माझ्याशी लग्न करशील का, हो म्हण किंवा नाही म्हण. तो म्हणतो, तू ख्रिस्ती स्त्री असतीस तर या भेटी मी आनंदाने घेतल्या असत्या, पण तू तर सैतानाच्या कुळातली. राक्षसीण दाराबाहेर धावते आणि आक्रोश करते, की हा तरुण मला मिळाला असता तर माझ्या यातनांतून मी सुटले असते.

हे वाचून मी चक्रावले. गाण्याच्या पहिल्याच कडव्यात तिची जीभ खोटी आहे असे सांगितलेले आहे, म्हणजे श्रोत्याने सरदाराच्या बाजूने राहावे अशी कथागीताची अपेक्षा असणार. पण गाण्याचा जवळजवळ सगळा वेळ ती बोलते, मागणी तीच घालते आणि शेवटचा शब्दही तिचाच राहतो. गायिका तिची बाजू घेत नाही आणि सरदाराचीही घेत नाही. आक्रोशाचे कडवेही ती पहिल्या कडव्याइतक्याच समतोल आवाजात म्हणते, त्यामुळे तो आक्रोश ऐकणाऱ्याला स्वतः पुरा करावा लागतो. हे गाणे पुढे गार्मार्नामुळेच युरोपभर पसरले. जर्मनीच्या ‘इन एक्स्ट्रीमो’ने 1999 मध्ये ते मशकवाद्यांच्या (बॅगपाइपच्या) आणि जड गिटारच्या गजरात केले, ‘हॅगर्ड’ने 2004 मध्ये इटालियन भाषेत गायले. दोन्ही मी ऐकली. दोन्हींत गायक राक्षसिणीचे दुःख हातात घेऊन दाखवतो आणि माझ्या मते तेथेच गाणे हलके होते.

शब्द वाचण्याचे काम मात्र सोपे नव्हते. परदेशातून आलेल्यांसाठी स्वीडनमध्ये सरकारतर्फे भाषेचे वर्ग विनामूल्य चालतात, पण तेथे शिकवली जाते ती आजची, दुकानात आणि दवाखान्यात उपयोगी पडणारी भाषा. कथागीतांतली क्रियापदांची जुनी रूपे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेखनातूनही गेली. सहकारी बाईसुद्धा काही ओळींवर अडखळत आणि मग आपल्या आईला फोन करून विचारत. जेवणाच्या सुटीत आम्ही दोघी एकेक गाणे घेऊन बसू लागलो. या गाण्यांचा साठा किती मोठा आहे, याची कल्पना मला तेव्हा आली. उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन कथागीतांची जी सूची 1978 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात 838 प्रकार नोंदलेले आहेत. स्वीडनमध्ये गेइयेर आणि अफ्सेलिउस यांचा पहिला मोठा संग्रह 1814 पासून छापला जाऊ लागला, आणि 1951 मध्ये स्टॉकहोमला या गाण्यांसाठी स्वतंत्र अभिलेखागारच स्थापन झाले. म्हणजे गार्मार्नाने काही विस्मरणाच्या विहिरीतून गाणी उपसून काढली नाहीत. गाणी छापलेली होती, शाळेच्या पुस्तकांतही काही होती. त्यांच्यातली भीती तेवढी पुसट झाली होती.

लोकगीतांना नव्या रूपात आणण्याचे प्रयत्नही त्यांच्या आधी झाले होते. यान योहान्सन या पियानोवादकाने 1964 मध्ये जुन्या स्वीडिश चाली जाझच्या अंगाने, फक्त पियानो आणि बास यांच्या साथीत वाजवल्या. तो अल्बम इतका खपला, की पन्नाशीपुढच्या अनेक स्वीडिश माणसांच्या घरी तो असतोच असे म्हणतात. मीही तो ऐकला आणि अजून ऐकते, पण त्यातली उदासी सुसंस्कृत आहे, दिवाणखान्यात बसण्याजोगी आहे.

‘वारुल्वेन’ या गाण्यापाशी माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर हाताशी येऊ लागले. एक मुलगी पहाटेच्या प्रार्थनेला निघते आणि वाट जंगलातून जाते. तेथे नरवृक, म्हणजे लांडग्याच्या रूपातला माणूस, आडवा येतो. ती त्याला चांदीच्या कलाबतूचे वस्त्र देऊ करते, चांदीचे जोडे देऊ करते, सोन्याचा मुकुट देऊ करते. त्याला यातले काहीच नको असते, तिचे तरुण रक्त हवे असते. ती ओकच्या झाडावर चढते आणि तो मुळे उकरू लागतो. तिची किंकाळी ऐकून तिचा वाग्दत्त वर घोडा दामटत येतो, तेव्हा तेथे एक हात तेवढा उरलेला असतो. आता या गाण्याची रचना पाहा. प्रत्येक कडव्यात कथेच्या ओळी दोनच. पहिलीनंतर पालुपद येते, की मला वेळ जाता जात नाही. दुसरीनंतर दुसरे पालुपद, की दुःख किती जड असते हे मलाच ठाऊक. मुलगी घरातून नुकतीच बाहेर पडते आहे, अजून काही घडलेले नाही, तेव्हापासून ही दोन पालुपदे चालू असतात आणि शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांच्यातला एक स्वरही बदलत नाही. हे ‘मला’ म्हणणारे कोण, तेही गाणे सांगत नाही. मुलगी नव्हे, कारण ती मरते. कदाचित तो वर, कदाचित गाणारी बाई. दुःख कथेच्या शेवटी येऊन आदळत नाही, ते पहिल्या ओळीपासून मांडून ठेवलेले असते आणि घटना त्याच्याकडे चालत येतात. अशा रचनेत गायिकेने आवाज कापरा केला तर पालुपदाचे काम ती स्वतःच हिसकावून घेईल. न रडणे हा तिचा थंडपणा नव्हता, तो रचनेचा नियम होता.

हे ध्यानात आल्यावर ‘देन बोर्टसोल्दा’ हे ‘वित्रड’मधले गाणे मला दुसऱ्यांदा, आणि खऱ्या अर्थाने पहिल्यांदा, ऐकू आले. घरात उपासमार आहे म्हणून आईबापांनी भाकरीच्या तुकड्यासाठी मुलगी परमुलखात विकली आहे. गलबत सुटण्यापूर्वी ती तांडेलाला विनवते, की जरा थांब, माझे वडील येताना दिसताहेत, ते त्यांचे बैल देऊन मला सोडवतील. वडील येतात आणि म्हणतात, माझ्याकडे बैल दोनच, एक कामाला हवा आणि दुसरा राखून ठेवायला हवा. मग आई, भाऊ, बहीण अशी एकेकाची आशा त्याच चालीत येते आणि त्याच चालीत जाते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सासुरवास असाच एका चालीत, जात्याची फेरी न थांबवता सांगितलेला असतो. शेवटी तिचा प्रियकर तिला सोडवतो, म्हणजे कथानकाचा शेवट गोडच आहे. पण त्या दोन बैलांचा हिशेब एकदा ऐकल्यावर गोड शेवटाने फारसा फरक पडत नाही.

एम्मा हेर्देलिनचा आवाज कोठून आला हेही मला जाणून घ्यायचे होते. तिचे वडील हेलसिंगलांड प्रांतातले नावाजलेले लोकव्हायोलिनवादक. गाणी तिने घराण्यात ऐकावीत तशी ऐकलेली आहेत. ‘त्रिआकेल’ या तिच्या दुसऱ्या गटात फक्त तिचा आवाज, एक व्हायोलिन आणि एक पायपेटी असते. तेथे ड्रम्स-गिटारचे कवच नसल्यामुळे तिची पद्धत अधिक स्वच्छ दिसते, आणि म्हणून गार्मार्ना ऐकणाऱ्याने ते अल्बम टाळू नयेत. मध्य आणि उत्तर स्वीडनमध्ये उन्हाळ्यात गुरे जंगलातल्या कुरणांवर नेण्याची रीत होती. तेथे राहणाऱ्या बायका अतिशय उंच पट्टीत, कंप न देता हाका घालून गुरांना परत बोलावत. ती हाक काही किलोमीटर जाते. एम्मा ही हाक स्वतः घालते आणि तिच्या गाण्यातही तिचा धारदारपणा उतरलेला आहे. माझा आपला एक तर्क असा, की दूरवर पोहोचावा म्हणून घडलेल्या आवाजाला जवळच्या श्रोत्याच्या गळ्यात पडण्याची सवयच नसते.

जुलैच्या सुरुवातीला सहकारी बाई मला दालार्ना प्रांतातल्या बिंगशो या खेड्यात घेऊन गेल्या. तेथे 1969 पासून लोकवादकांचा मेळा भरतो. व्यासपीठावरचे कार्यक्रम मी फारसे ऐकले नाहीत, कारण खरे वादन वाहनतळावर, झुडपांच्या आडोशाला, तंबूंच्या मधल्या जागेत चाललेले होते. चारपाच अनोळखी माणसे व्हायोलिन काढतात, एकजण सुरुवात करतो, बाकीचे चाल ओळखीची असेल तर मिसळतात. ‘पोल्स्का’ हे येथले मुख्य नृत्य तीन मात्रांचे, पण या गावच्या ठेक्यात पहिली मात्रा आखूड आणि दुसरी लांबलेली, आणि हा हिशेब गावागणिक बदलतो. मी टाळीवर धरू पाहत होते, तो दरवेळी निसटत होता. डासांनी हैराण केले होते आणि रात्री अकरालाही वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड होता.

तेथेच मी चाकाची वीणा, जिला येथे ‘वेवलीरा’ म्हणतात, पहिल्यांदा हातभर अंतरावरून पाहिली. गार्मार्नाच्या गाण्यांतला तो घोंघावणारा, कोठेच श्वास न घेणारा आवाज याच वाद्याचा. पेटीसारख्या लाकडी खोक्याच्या मागच्या टोकाला एक दांडा असतो. तो फिरवला की आतले लाकडी चाक तारांवर घासत फिरते, म्हणजे चाक हाच न संपणारा गज. वादक बाईंनी दोन गतींच्या मधे वाद्य मांडीवर आडवे घेतले, चाकाच्या कडेवर राळ लावली, डबीतून कापसाची चिमूट काढली, तिचे तंतू विंचरल्यासारखे लांब केले आणि तार चाकाला जेथे टेकते नेमके तेथे तिच्यावर गुंडाळले. दांडा हळूच फिरवून त्यांनी स्वर ऐकला, मान हलवली, सगळा कापूस सोडवला आणि पुन्हा, आधीपेक्षा थोडा कमी, गुंडाळला. कापूस जास्त झाला तर तार गुदमरते आणि कमी झाला तर किंचाळते, असे त्यांनी मला सांगितले. हवेत दमटपणा आला की हा सगळा उद्योग नव्याने करावा लागतो. मंचावर गिटार आणि ड्रम्सच्या भडिमारात हे वाद्य सुरात ठेवणे किती कठीण असेल, याची कल्पना मला ते पाहून आली.

‘निकेलहार्पा’ हे उप्लांड प्रांताचे वाद्यही तेथे मनसोक्त ऐकले. आजच्या निकेलहार्प्यावर गजाने वाजवायच्या चार तारा आणि खाली आपोआप झंकारणाऱ्या बारा तारा असतात. आपल्या सारंगीच्या तरफा ऐकलेल्याला तो झंकार परका वाटत नाही.

परतल्यावर मी बँडचे नंतरचे अल्बम ऐकले आणि तेथे माझा उत्साह थोडा ओसरला. 1999 च्या ‘वेदेर्येलनिंगेन’मध्ये यांत्रिक ताल पुढे आले आहेत आणि त्यांतली काही गाणी त्या तालांसह आजही ताजी वाटतात. बाराव्या शतकातली जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्ड फॉन बिंगेन हिच्या रचनांचा 2001 चा अल्बम मात्र मला जमला नाही. त्या रचना श्वासाच्या लांबीवर उभ्या आहेत, त्यांच्याखाली नाचघरातला ठोका ठेवला की दोन्हींची अडचण होते. त्यानंतरचा अल्बम 2016 मध्ये आला. ‘6’ नावाच्या त्या अल्बममध्ये पारंपरिक कथागीते जवळपास बाजूला ठेवलेली आहेत. तो वाईट नाही, पण असा अल्बम दुसऱ्या कोणीही काढला असता.

2020 च्या ‘फोरबुंडेट’मध्ये ते पुन्हा कथागीतांकडे वळले. त्यातल्या ‘स्वेन ई रूसेनगोर्ड’ या गाण्यात आई मुलाला विचारते, की इतका वेळ कोठे होतास आणि कपड्यांना रक्त कसे लागले. प्रश्नोत्तरांतून कळते, की त्याने भावाला मारले आहे आणि तो आता परागंदा होणार आहे. परत कधी येशील, या प्रश्नावर तो सांगतो, डोमकावळा पांढरा होईल तेव्हा. तो कधी होईल? हंस काळा होईल तेव्हा. आणि हंस? दगड पाण्यावर तरंगेल तेव्हा. एम्माचा आवाज मधल्या वर्षांत थोडा खाली उतरला आहे, पण पद्धत तीच आहे. आईचे प्रश्न आणि मुलाची उत्तरे ती दोन वेगळ्या आवाजांत करून दाखवत नाही. सहकारी बाईंना गिटारचा या अल्बममधला भरीवपणा खटकतो, त्यांना ‘वित्रड’मधला ओबडधोबड आवाजच हवा असतो. माझे मत असे, की या एका गाण्यात तो भरीवपणा उपयोगी पडतो, कारण शेवटच्या उत्तरानंतर गायिका थांबते आणि पुढे जे म्हणायचे राहिले ते वाद्ये म्हणतात. यावर आमचे जेवणाच्या सुटीत अजून एकमत झालेले नाही.